सात भोकांची रिंग

चार बोल्ट हातानंच सरकले. पाचव्याला लाकडी हातोडीची टकटक लागली. सहावा अर्ध्यावर जाऊन अडून बसला. सातव्याच्या भोकात कप्तान सोरेन्सननं बॅटरीचा झोत मारला, तेव्हा रिंगच्या मागचं भोक सरळ दिसायच्या ऐवजी त्याची कड आडवी आलेली दिसली. नखाच्या टोकाएवढी बारीक, लोखंडाची चकाकती कोर.

'अ‍ॅडलीन' ही मासेमारीची बोट धक्क्याला बांधलेली होती. तिच्या पोटातल्या इंजिनाच्या खोलीत तिघं जण गुडघ्यावर बसली होती: बोटीचा मालक सोरेन्सन, वर्कशॉपचा फोरमन लू बोनेली, आणि ज्या बाईनं ती ब्राँझची रिंग बनवली होती ती इर्मा वोइचिक. डिझेलचा आणि गेल्या हंगामातल्या माशांचा वास कोंदला होता. वर वाऱ्यानं दोर खांबावर आपटत होते.

"केवढ्यानं चुकलंय?" कप्तान म्हणाला.

"केसभर," लू म्हणाला.

"केसभर चुकलेली रिंग आणि हातभर चुकलेली रिंग, माझी बोट दोन्हींवर सारखीच उभी राहते. ईरीवरचं बर्फ गेलंय, पर्च मासा वर आलाय, बाकीचे सगळे सरोवरात आहेत. मी इथं कॉफी पितोय."

इर्माचा डावा पाय गुडघ्यापासून थरथरत होता. लहानपणापासूनची सवय, शाळेत बाई म्हणायच्या, या मुलीच्या पायाखाली कुणीतरी निखारा ठेवलाय.

इंजिन जुनं होतं. ते बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती आणि त्या कंपनीतल्या कुणा शहाण्याला पंख्याच्या शाफ्टशी जोडणाऱ्या कपलिंगला सहा नाही, आठ नाही, सात बोल्ट द्यायची बुद्धी झाली होती. जुनी रिंग शरद ऋतूत फुटली, तिचे निम्मे तुकडे बोटीच्या तळाच्या चिखलात गेले. ओतीव नग दोनच आले होते. एक इर्मानं वाया घालवला. आता एकच उरला होता; तिसरा ओतून यायला उन्हाळा उजाडला असता.

ट्रकमधून परतताना लूनं विचारलं, "तू कोन किती धरलास?"

"तीनशे साठ भागिले सात. एक्कावन्न पॉइंट चार."

"पुढची शेपटी?"

"कापली. मशीनच्या फिरत्या टेबलावर तेवढं बारीक लागतच नाही. म्हटलं, एवढ्याशानं काय होतंय."

"आणि दर वेळी मागच्या भोकापासून पुढं मोजलंस."

"हो."

"म्हणजे ते एवढंसं सहा वेळा साठलं." लूनं सिगरेट खिडकीबाहेर टाकली. "उद्या हूपर करेल दुसरी. तू बाजूला राहायचं."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. लू बोनेलीनं तिला वर्कशॉपमध्ये घेतलं होतं, तेव्हा बायका मशीनवर काय करणार म्हणून निम्मं वर्कशॉप हसलं होतं, आणि तिथला जुना कारागीर क्लेटन हूपर तर हसलाही नव्हता. हॉटेलात ताटं उचलणारी ही बाई उद्या माझा हात मिलिंग मशीनमध्ये घालवेल, एवढंच तो लूला म्हणाला, तिच्यासमोर. त्यानंतर वर्षभर तो तिच्याशी कामापुरतंही बोलला नव्हता. काही हवं असलं की बोट दाखवायचा.

इर्मा घरी आली तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. चेट, तिचा नवरा, स्वयंपाकघरात कोबीची पानं उकळत होता. रेल्वे इंजिनांच्या कारखान्यातून नाताळात त्याला घरी बसवलं होतं, तेव्हापासून स्वयंपाक त्याच्याकडे होता, आणि खरं सांगायचं तर तो तिच्यापेक्षा बरा करायचा.

"बसली का रिंग?"

"नाही."

त्यानं भांड्याखालची आच बारीक केली. तिनं कोट न काढताच ड्रॉवरमधून कॅल्क्युलेटर काढला आणि तीनशे साठला सातानं भागलं. ५१.४२८५७१. तिथं आकडे थांबले. म्हणजे संपलं की, तिनं मनाशी म्हटलं. हेच सगळे आकडे घेतले असते तर झालं असतं. खात्रीसाठी तिनं उलट सातानं गुणलं. ३५९.९९९९९.

तीनशे साठ नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"हे यंत्र खोटं बोलतंय," ती म्हणाली.

"सवलतीत आणलंय," चेट म्हणाला. "जेवढे पैसे तेवढं खरं."

यंत्राची काच आठच आकड्यांची होती. पुढचं त्यानं गिळलं होतं. तिला एकदम चिडल्यासारखं झालं. वर्कशॉपमध्ये पाण्याच्या नळाशेजारी एक तक्ता लावलेला होता, इंचाच्या अपूर्णांकांचा: अर्धा, पाव, अष्टमांश, सोळावा, असा करत पार चौसष्टाव्या भागापर्यंत, आणि प्रत्येकासमोर दशांशात त्याची किंमत. पहिल्या महिन्यांत नुसती झाडलोट मिळायची, तेव्हा तिनं तो तक्ता पाठ केला होता. एक अष्टमांश, पॉइंट एक दोन पाच. एक चौसष्टांश, पॉइंट शून्य एक पाच सहा दोन पाच. कितीही बारीक तुकडा घ्या, आकडा कुठंतरी संपत होता. तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की धीर धरला तर कोणताही भाग संपतो. सातानं भागलेलाही कुठंतरी संपत असणार. ते टोक सापडलं की नेमका कोन सापडला, आणि नेमका कोन घेऊन सकाळी लूसमोर उभं राहता येईल.

किराणाची कागदी पिशवी फाडून तिनं टेबलावर पसरली आणि भागाकार मांडला. सात एक्के सात, असं करत एक्कावन्न, बाकी तीन. शून्य चढवलं, तीस. चारनं भाग, बाकी दोन. वीस. दोननं, बाकी सहा. साठ. आठनं, बाकी चार. चाळीस, पाचनं, बाकी पाच. पन्नास, सातनं, बाकी एक. दहा, एकनं, बाकी तीन.

ती थांबली नाही. पाय टेबलाखाली हलत होता, पेन्सिल चालत होती. तीस, चार. वीस, दोन. साठ, आठ.

"जेवायला ये," चेट म्हणाला.

"एवढा एक आकडा होऊ दे."

"मघाशीही एकच होता."

पिशवीची एक बाजू भरली. तिनं दुसरी बाजू उलटली. उठून खिडकी उघडली, वारा आला म्हणून लावली, पुन्हा बसली. चेटनं ताट तिच्या कोपराशी आणून ठेवलं आणि स्वतः समोर बसून खायला लागला. खाता खाता तो कागद उलटा वाचत होता.

"तुझी बस रोज त्याच थांब्यावरून जातेय," तो म्हणाला.

"काय?"

"चार दोन आठ पाच सात एक. वरच्या ओळीतही तेच, खालच्या ओळीतही तेच. मला वाटलं तू मुद्दाम लिहितेयस."

तिनं कागदाकडे पाहिलं. उत्तराकडे तिनं नीट पाहिलंच नव्हतं. तिची नजर टोकाच्या शोधात होती. आता तिनं उत्तर सोडून खाली उतरत गेलेल्या बाक्या पाहिल्या. तीन, दोन, सहा, चार, पाच, एक, आणि पुन्हा तीन. सुरुवातीलाही तीनच होते. तीन आले की त्यावर शून्य चढणार, तीस होणार, चारचा भाग जाणार, दोन उरणार. दुसरं काही होऊच शकत नाही.

"चेट," ती हळू म्हणाली, "सातानं भागल्यावर उरून उरून किती उरेल?"

"सहा."

"सातच्या आत. एक ते सहा. शून्य उरलं तर खेळ संपला. नाही उरलं तर सहांतलाच एक कुणीतरी आला पाहिजे. मग लवकरच कुणीतरी दुसऱ्यांदा येणारच, आणि तो आला की सगळी वरात त्याच्यामागून."

"म्हणजे हे संपत नाही?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही." तिनं पेन्सिल ठेवली. पाय अजून हलत होता. "मग आठाचा का संपतो?"

"आता आठ कुठून आला? अगं, कोबी थंड होतोय."

तिनं कोपऱ्यात एकाला आठानं भागलं. बाकी दोन, बाकी चार, बाकी शून्य. संपलं. दर पायरीला बाकीवर शून्य चढतं, म्हणजे दहानं गुणलं जातं. दहात एक दोन आहे आणि एक पाच आहे. आठ म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन. तीनदा शून्य चढवलं की आठातले तिन्ही दोन फिटतात. चौसष्टात सहा दोन. म्हणून तक्त्यात सहा आकडे. अख्ख्या तक्त्यात दोनांखेरीज दुसरं काही नव्हतंच. आणि सातात ना दोन, ना पाच. हजार शून्यं चढवली तरी सात तसेच्या तसे उभे.

"मग सकाळी लूला सांग," चेट म्हणाला. "आकडाच तसला आहे, तुझा दोष नाही."

"दोष माझाच. मला वाटलं होतं तो संपतो."

"हॉटेलवाल्यांचा फोन आला होता. वेट्रेस हवीय त्यांना. मी म्हटलं, विचारतो."

तिनं ताट पुढं ओढलं. "नेमका कोन आकड्यात लिहिताच येत नसेल, तर हूपर उद्या काय करणार?" एवढंच म्हणाली. चेटनं खांदे उडवले. त्याला हॉटेलचं उत्तर मिळालं होतं.

सकाळी ती वर्कशॉपमध्ये पोचली तर सोरेन्सन तिच्या आधी येऊन खोक्यावर बसला होता. टोपी हातात फिरवत होता. लू टेलिफोनवर कुणाशी तरी भांडत होता. हूपरनं बाकाखालून तेलकट पोत्यात गुंडाळलेलं, गोल नगाचे सारखे भाग पाडणारं डिव्हायडिंग हेड काढलं होतं आणि ते मिलिंग मशीनवर चढवत होता. इर्मानं ते पोतं रोज पाहिलं होतं. आत काय आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. जाड लोखंडी डोकं, बाजूला एक हँडल, आणि हँडलमागे एक चकती. चकतीवर बारीक भोकांची वर्तुळं, एकात एक. हँडलची खिटी त्या भोकांत बसायची.

"बाजूला राहायचं सांगितलंय तुला," हूपर तिच्याकडे न पाहता म्हणाला. वर्षभरातलं ते पहिलं पूर्ण वाक्य असावं.

"बाजूलाच आहे. तुम्ही कोन किती धरणार?"

"कोन धरतच नाही." त्यानं खिशातून मळकट पुस्तिका काढली, अंगठा ओला करून पान उलटलं. "सात. एकवीसचं वर्तुळ. पाच पूर्ण फेरे, वर पंधरा भोकं."

"पंधराच का?"

"पुस्तकात लिहिलंय म्हणून."

"हँडल किती वेळा फिरवलं की रिंग पूर्ण एकदा फिरते?"

"चाळीस." आता त्यानं मान वर केली. "काय पाहिजे तुला, बाई?"

तिच्या डोक्यात काहीतरी धावत होतं आणि ते पळून जाण्याआधी तिला बोलून टाकायचं होतं. "चाळीस भागिले सात. पाच, आणि उरले पाच. म्हणजे पाच फेरे आणि एका फेऱ्याचे पाच सप्तमांश. काल मी त्या पाच सप्तमांशाला दशांशात लिहायला बसले असते तर तेही संपलं नसतं. पण एकवीस भोकं म्हणजे तीन सत्ते. एका सप्तमांशाला तीन भोकं. पाच सप्तमांशांना पंधरा. नेमकी. शेपटीच नाही."

"मग? मी तेच म्हणालो. पंधरा."

"तुम्ही म्हणालात. पण बघा ना, दशांश म्हणजे दहा भोकांची चकती. नाही जमलं तर शंभरांची, नाही तर हजारांची. सातवा भाग त्यांतल्या कुठल्याच भोकावर येत नाही, थोडा अलीकडे नाहीतर थोडा पलीकडे. मी काल रात्री भोकं वाढवत बसले होते. चकतीच चुकीची होती."

दूरवर टेलिफोन आपटल्याचा आवाज आला. हूपरनं चकतीवरचं तेल अंगठ्यानं पुसलं. तीस वर्षं तो ते हँडल फिरवत आला होता. मग त्यानं बोटानं एकवीसच्या वर्तुळातली भोकं तीन-तीन करत ओलांडली, सात वेळा, आणि पहिल्या भोकावर परत आला.

"हं," तो म्हणाला. हात पुसले आणि एक पाऊल मागे सरला. "फिरव."

"मी?"

"एवढं कळतंय तर फिरव. चुकलीस तर मी इथं नव्हतो."

लू दारात आला होता. त्याचं तोंड उघडलं, पण हूपरनं त्याला बोट दाखवलं, नेहमीसारखं, आणि तो तिथंच थांबला. सोरेन्सन खोक्यावरून उठला. "शेवटचा नग आहे ना हा?" त्यानं विचारलं.

आधी नुसत्या खुणा करायच्या होत्या, भोकं नंतर. इर्मानं पहिली खूण केली, खिटी ओढली, पाच फेरे फिरवले आणि भोकं मोजायला लागली. एक, दोन, तीन—

"थांब. खिटी जिथं आहे ते भोक मोजलंस?"

"हो."

"मग तू चौदाच चालशील. उभं राहिलेलं पाऊल मोजायचं नसतं."

ती खिटी मागे घ्यायला गेली तर त्यानं तिचं मनगट धरलं. "मागे नाही. कधीच मागे नाही. आतल्या दातांत ढिलाई असते, मागे आलीस की ती आकड्यात शिरते. जायचंच तर भोकाच्या बरंच मागे जा, आणि पुन्हा पुढं फिरवत त्यावर ये."

ती बरंच मागे गेली आणि पुन्हा पुढं फिरवत आली. दुसरी खूण. तिसरी. खोलीत आता सोरेन्सनच्या येरझारा ऐकू येत होत्या, तीन पावलं तिकडे, तीन पावलं इकडे. तिला वाटलं त्याला ओरडावं, बसा म्हणून; पण तिचा स्वतःचा पायही तसाच चालला होता आणि तिनं तो मशीनच्या पायाला टेकवून दाबून धरला. चौथी. पाचवी. फेरे मोजताना मध्येच मन घसरलं, चार झाले की पाच? तिनं हात थांबवला.

"पाच," हूपर म्हणाला. तोही मोजत होता.

सातव्या खुणेनंतर तिनं आणखी एकदा फिरवलं. पाच फेरे, पंधरा भोकं. खिटी ज्या भोकातून निघाली होती त्याच भोकात टक्कन बसली. तिनं खूण करणारं टोक खाली आणलं. ते पहिल्या खुणेत असं उतरलं की आवाजही झाला नाही. हूपरनं भिंग लावून पाहिलं, भिंग लूकडे दिलं. लूनं पाहिलं आणि भिंग सोरेन्सनकडे दिलं. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी त्यानं बराच वेळ पाहिलं.

"पाड भोकं," लू म्हणाला.

दुपारी चौघं बोटीवर गेली. वारा वाढला होता, धक्क्यावर पाणी उडत होतं, आणि सोरेन्सन सारखा पश्चिमेकडे बघत होता. इंजिनाच्या खोलीत चौघांना जागा नव्हती म्हणून लू शिडीवरच राहिला. इर्मानं बोल्ट घातले. एक, दोन, तीन, चार. पाचवा गेला. सहावा गेला. सातवा अर्ध्यावर अडला.

इर्मानं मनातल्या मनात सगळे फेरे पुन्हा मोजले आणि एकाही फेऱ्याची तिला खात्री वाटेना.

"काढ तो," हूपर म्हणाला. बोल्ट निघाल्यावर त्यानं करंगळी भोकात घातली, डोळे मिटले, कड चाचपली. "रिंगचं नाही हे. मागच्या कपलिंगला कड वर आलीय. जुनी फुटली तेव्हा आली असणार. कानस दे."

त्यानं दोन-चार हात मारले आणि बोल्ट तिच्या हातात दिला. तिनं तो लावला. अंगठ्यानं ढकलला. गेला.

सोरेन्सननं आभार मानले नाहीत. त्यानं नट आवळले, इंजिन सुरू केलं, हाताचा तळवा शाफ्टच्या जवळ धरून थरथर ऐकत बसला, आणि मग सगळ्यांना बाहेर घालवलं. तिघं धक्क्यावर चढतात न चढतात तोच त्यानं दोर सोडले. 'अ‍ॅडलीन' बंदराच्या तोंडाशी लाटांवर नाक आपटत निघाली. लूला कुणीतरी धक्क्यावर ओळखीचं भेटलं, तो तिथंच थांबला. इर्मा हूपरच्या ट्रकमध्ये बसली.

तिला बरं वाटायला हवं होतं. वाटतही होतं. पण हात मांडीवर ठेवता येत नव्हते. चेटला काय सांगायचं हे ठरवायचं होतं, हॉटेलला नाही म्हणायचं होतं, आणि त्या दोहोंमध्ये सात उगाच येऊन उभे राहत होते.

गोद्या संपल्या, कोळशाचे ढीग संपले. हूपर रस्त्याकडे बघत म्हणाला, "त्या पुस्तिकेत एक्कावन्न नाहीच."

"म्हणजे?"

"पन्नास आहे. बावन्न आहे. एक्कावन्न भागांसाठी किती फिरवायचं ते दिलेलंच नाही. तरुणपणी एकदा एक्कावन्न दातांचं चाक आलं होतं माझ्याकडे. मी म्हटलं, छापणाऱ्यानं ओळ गाळली असेल. दुसरी पुस्तिका आणली. तिच्यातही नाही." त्यानं घसा साफ केला. "चाक परत पाठवलं. कुणाला विचारलं नाही."

इर्मा वळून बसली. "चकतीवर वर्तुळं कोणकोणती आहेत?"

"तीन चकत्या आहेत."

"सगळी सांगा."

"पंधरा, सोळा, सतरा, अठरा, एकोणीस, वीस," हूपर म्हणाला. वळण आलं, त्यानं ट्रक हळू केला. "मग एकवीस, तेवीस, सत्तावीस..."

"थांबा. सतरा आहे म्हणालात?"

"आहे."

"एक्कावन्न म्हणजे तीन सतरा," ती म्हणाली, आणि काचेवर जमलेल्या वाफेत बोटानं चाळीस लिहून त्याखाली रेघ ओढली. "सतरा नुसते पुरतील का? नाही पुरणार बहुतेक, तीनही त्याच वर्तुळात हवेत. पुढची सांगा. एकही सोडू नका."